आठवण यायची वाट पाहत थांबू नका : डोक्याला मार लागल्यानंतरचे पहिले आठवडे

"डॉक्टर, आठवण आपोआप येईल ना? तोवर नुसता आराम करू द्यायचा ना?"

डोक्याला मार लागून शुद्धीवर आलेल्या माणसाच्या घरचे हा प्रश्न मला हमखास विचारतात. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागाला मी सांभाळून उत्तर देते : बरीचशी येईल, सगळी येईल असं आज कुणीच सांगू शकत नाही. दुसऱ्या अर्ध्या भागाचं उत्तर मात्र ठाम आहे : नाही. आराम हवाच, पण आठवण परत येईपर्यंत बाकी सगळं थांबवून ठेवायचं नाही. आठवण राहत नाही त्या काळातही मेंदू शिकत असतो. आपण काही शिकवलं नाही, तर तो भलतंच शिकतो. हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी पुनर्वसनाची डॉक्टर आहे. पक्षाघात, मणक्याची दुखापत आणि डोक्याचा मार हे माझे रोजचे रुग्ण. पण आज दवाखान्यातल्या फायलींऐवजी माझ्या मामेभावाबद्दल लिहिणार आहे. दादाची आणि वहिनींची परवानगी घेतली आहे. वहिनींनी एवढंच सांगितलं, "लिवा वन्सं, पण सगळं गोडगोड लिवू नका."

दादाची विट्याजवळच्या एका गावात पिठाची गिरणी आहे. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात, दिवस मावळताना मोटरसायकलवरून घरी येत असताना समोर कुत्रं आडवं आलं. हेल्मेट घरी खुंटीला होतं. (त्यावर पूर्वी लिहिलं आहे, आज भाषण देत नाही.) तेव्हा त्याचं वय ४८. सांगलीच्या रुग्णालयात सीटी स्कॅन झाला. दोन्ही कानशिलांच्या आत, मेंदूच्या खालच्या भागात थोडा थोडा रक्तस्राव होता. ऑपरेशन लागलं नाही. सहा दिवस डोळे उघडले नाहीत, नवव्या दिवशी श्वासाचं मशीन काढलं आणि अकराव्या दिवशी तो बोलला. पहिलं वाक्य : "किती वाजले? गिरणी उघडायचीय."

सगळ्यांना हायसं वाटलं. बोलला म्हणजे बरा झाला, असं गावभर झालं आणि जीप भरभरून माणसं भेटायला येऊ लागली. प्रत्येक जण खाटेपाशी वाकून एकच विचारायचा : "ओळखलंस का मला? सांग बरं, मी कोण?" दादा घामाघूम व्हायचा. तो मुळात चारचौघांत मान राखून बोलणारा माणूस, त्यामुळे 'माहीत नाही' म्हणायची त्याला लाज वाटायची. मग तो अंदाजाने काहीतरी सांगायचा. लेकीने विचारलं, "पप्पा, माझं नाव काय?" त्याच्या तोंडून स्वतःच्या बहिणीचं नाव गेलं. पोरगी रडत व्हरांड्यात गेली. दुसऱ्या दिवशी तिने परत विचारलं, परत तेच नाव. तिसऱ्या दिवशीही तेच.

मी शनिवारी पुण्याहून पोचले तेव्हा वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "वन्सं, बरोबर ते ध्यानात राहत नाही म्हणता, मग चुकीचं तेवढं बरं ध्यानात राहतंय?"

माझ्या मते हा प्रश्न डॉक्टरांच्या परीक्षेत विचारायला हवा. याचं उत्तर कळलं की पुढचं सगळं कळतं.

आपण 'आठवण' हा एकच शब्द वापरतो, पण मेंदूत आठवणींचे प्रकार निरनिराळे आहेत आणि त्या सांभाळणारे भागही निरनिराळे. काल जेवायला काय होतं, सकाळी कोण भेटायला आलं, पाहुण्याने काय निरोप दिला, अशा घडलेल्या गोष्टींची नोंद करण्याचं मुख्य काम हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. तो कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक असा असतो. सायकल चालवणं, शर्टाची बटणं लावणं, भाकरी थापणं ही हातांची आणि सवयीची स्मृती मात्र वेगळीकडे, मेंदूच्या मधल्या गाठींमध्ये आणि मागच्या बाजूच्या लहान मेंदूत सांभाळली जाते. डोकं आपटतं तेव्हा मेंदू कवटीत पुढेमागे हिंदकळतो. कवटीचा तळ आतून खडबडीत असतो, त्यावर मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलामागचा भाग घासला जातो. म्हणून डोक्याच्या मारात पहिल्या प्रकारची आठवण जास्त जाते, दुसरी बऱ्याचदा शाबूत राहते.

शिवाय मेंदूतल्या बारीक बारीक तंतूंना ताण बसतो. हे तंतू इतके सूक्ष्म असतात की त्यांची इजा सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसतच नाही. "रिपोर्ट तर नॉर्मल आलाय, मग हा नाटक करतोय का?" असं म्हणणारे नातेवाईक मला भेटले आहेत. नाटक नसतं ते. स्कॅन रक्त आणि सूज छान दाखवतो, पण आठवण दाखवत नाही.

या दोन स्मृती वेगळ्या असल्याचा सगळ्यात प्रसिद्ध पुरावा अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन या माणसाचा. त्याला डोक्याचा मार नव्हता. फिट्स थांबवण्यासाठी १९५३ मध्ये त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग शस्त्रक्रियेने काढला गेला. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत नवीन घडलेलं जवळजवळ काहीच त्याच्या लक्षात राहिलं नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. करून पाहा, भल्याभल्यांचा हात अडखळतो. मोलेसन तीन दिवसांत त्यात तरबेज झाला, पण हे आपण आधी कधी केलंय हे त्याला आठवत नसे. हात शिकला आणि शिकल्याची आठवण मात्र तयार झाली नाही.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येऊ. सवयीच्या स्मृतीला बरोबर आणि चूक कळत नाही. शेतातून ज्या वाटेने माणसं जातात ती पाऊलवाट मळते, ती योग्य ठिकाणी जाते की नाही हे वाटेला ठाऊक नसतं. तुमच्या-माझ्या बाबतीत 'मघाशी मी चुकलो होतो' ही आठवण जागी असते, म्हणून आपण चुकांतून शिकतो. ज्याला आपण चुकलो हेच आठवत नाही, त्याची चूक घोटून घोटून पक्की होते. दादाच्या तोंडाला ते चुकीचं नाव असंच सवयीचं झालं होतं. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९९४ मध्ये हेच दाखवून दिलं : ज्यांची स्मृती फार बिघडलेली आहे, त्यांना अंदाज बांधून चुकायची संधीच दिली नाही, तर ते जास्त चांगलं शिकतात. आम्ही याला 'चूक होऊ न देता शिकवणं' म्हणतो. आपल्या शाळांनी आपल्याला नेमकं उलटं शिकवलेलं असतं : आधी विचारा, चुकलं की सांगा. म्हणून घरच्यांना ही पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागतो.

त्याच संध्याकाळी आम्ही खाटेच्या वर एक कागद चिकटवला : 'ओळखलंस का, असं विचारू नका. आधी आपलं नाव आणि नातं सांगा.' लेक आत आली की म्हणायची, "पप्पा, मी तुमची मुलगी," आणि आपलं नाव सांगून हात हातात घ्यायची. विचारायची काही नाही. चार-पाच दिवसांत तो स्वतःहून तिला बरोबर नावाने हाक मारू लागला. भेटायला येणाऱ्यांना मात्र तो कागद फारसा रुचला नाही. एक मावशी तर रुसून गेल्या. आजही बोलत नाहीत.

समोरच्या भिंतीवर कालनिर्णय लावलं. रोज सकाळी दादाच्या हातानेच कालचा दिवस खोडायचा. शेजारी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत चार ओळी : 'तुम्ही सांगलीत दवाखान्यात आहात. गाडीवरून पडून डोक्याला लागलं. आता बरं होत आहे. बायको सकाळी नऊला येते.' तो दिवसातून वीस वेळा विचारायचा, "मी कुठाय?" उत्तर एकच : पुठ्ठ्याकडे बोट दाखवून वाचायला लावायचं. काही दिवसांनी विचारण्याआधीच त्याची नजर पुठ्ठ्याकडे जाऊ लागली. तो सांगलीत आहे हे त्याला अजून आठवत नव्हतं, पण कुठे पाहिलं की कळतं, हे त्याच्या मानेला कळलं होतं. पुनर्वसनाची सुरुवात ही अशी असते.

मिरजेहून येणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट मुलगी सकाळची कामं एका ठरावीक क्रमाने करून घ्यायची. दात घासणं, तोंड धुणं, दाढी, कपडे. वस्तू त्याच जागी, शब्द तेच आणि मोजके. तो अडखळणार असं दिसलं की त्याचा हात चुकीच्या वस्तूकडे जायच्या आतच ती हलकेच योग्य वस्तूकडे वळवायची. "आता काय करायचं सांगा?" असं कधी विचारायची नाही. पूर्वी समज अशी होती की या गोंधळाच्या काळात शिकवण्यात अर्थ नाही, उलट रुग्ण चिडेल. ऑस्ट्रेलियात मेलबर्नमध्ये १०४ रुग्णांवर नीट दोन गट पाडून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विस्मरणाच्या याच काळात रोजच्या कामांचा सराव अशा पद्धतीने सुरू केलेले रुग्ण स्वतःची कामं जास्त चांगली करू लागले, आणि त्यांचा चिडचिडेपणा वाढला नाही. माझ्या दृष्टीने 'आधी आठवण येऊ द्या, मग बघू' या म्हणण्याला हे सरळ उत्तर आहे.

या काळाला आम्ही पोस्ट ट्रॉमॅटिक अम्नेशिया म्हणतो. माणूस जागा असतो, बोलतो, जेवतो, पण दिवसाची नोंद मेंदूत सलग होत नाही. तो किती दिवस चालला यावरून मार किती गंभीर होता याचा अंदाज बांधता येतो. एका दिवसाच्या आत आटपला तर सौम्य ते मध्यम, त्याहून जास्त चालला तर गंभीर, आठवड्याच्या वर गेला तर अतिगंभीर. दादाचा ३४ दिवस चालला. तो संपला हे ठरवण्याच्या चाचण्या आहेत. त्यातली एक अशी : रोज एकदा वय, वार, महिना, जागा असे काही प्रश्न आणि आदल्या दिवशी दाखवलेली तीन चित्रं विचारायची. सलग तीन दिवस बारापैकी बारा गुण मिळाले की तो काळ संपला असं धरायचं. ही चाचणी थेरपिस्टने दिवसातून एकदाच घ्यायची आणि चुकलेलं उत्तर तिथल्या तिथे बरोबर करून सांगायचं. प्रत्येक पाहुण्याने आपापली परीक्षा घेणं म्हणजे चाचणी नव्हे.

या काळातल्या आणखी दोन गोष्टी घरच्यांना फार त्रास देतात. एक म्हणजे नसलेलं सांगणं. दादा ठामपणे म्हणायचा, "सकाळीच गिरणीवर जाऊन आलो, दोन पोती ज्वारी दळली." वहिनी म्हणाल्या, "जन्मात खोटं बोलले नाहीत हे, आता काय झालं?" हे खोटं नसतं. आठवणीत जिथे खड्डा पडलाय तिथे मेंदू जुन्या आठवणींची माती भरतो, आणि माणसाला ते खरंच वाटत असतं. त्यावर वाद घालू नये, हसूही नये. "गिरणी पुतण्या बघतोय, तुम्ही आता दवाखान्यात आहात," एवढं शांतपणे सांगावं आणि विषय बदलावा. दुसरी गोष्ट थकवा. जखमी मेंदू फार लवकर दमतो. दहा-पंधरा मिनिटं काम, मग झोप किंवा शांतता. एका वेळी खोलीत दोनच माणसं. टीव्ही बंद. मोबाइलवर गावाकडचे व्हिडिओ दाखवून 'बघ, आठवतंय का' करणं बंद. सुरुवातीला मी आराम हवाच म्हटलं तो हा आराम. तो कामाच्या मधे मधे घ्यायचा असतो.

आता जे लिहिणार आहे ते दादाच्या आजारपणातलं आम्हाला सगळ्यात जड गेलेलं.

अपघाताच्या आधीच्या फेब्रुवारीत अण्णा, म्हणजे माझे मामा, दादाचे वडील, वारले. डोक्याच्या जबर मारात अपघाताच्या आधीचाही काही काळ पुसला जातो, कधी काही तासांचा, कधी महिन्यांचा. दादाचं अख्खं वर्ष गेलं होतं. तो रोज विचारायचा, "अण्णा का नाही आले भेटायला?" पहिल्या दिवशी वहिनींनी खरं सांगितलं. तो लहान मुलासारखा रडला. अर्ध्या तासाने त्याने परत विचारलं, "अण्णा कुठायत?" त्यांनी परत सांगितलं, तो परत तसाच रडला. मग धाकट्या भावाने सांगायला सुरुवात केली की अण्णा मळ्यात गेलेत. म्हणजे सकाळी एक उत्तर, दुपारी दुसरं. एका रात्री वहिनींचा फोन आला : "वन्सं, रोज किती वेळा मारू मी मामंजींना?"

यावर पुस्तकात सरळ उत्तर नाही, पण माझं मत पक्कं आहे. दिवसाची नोंद राहत नाही त्या काळात मृत्यूची बातमी पुन्हा पुन्हा सांगू नये. दुःख दर वेळी नवीन असतं आणि सांगितल्याचा उपयोग शून्य. पण खोटंही सांगू नये, कारण 'मळ्यात गेलेत' याचीही पाऊलवाट मळते आणि पुढे ती बुजवणं कठीण जातं. वहिनींना म्हटलं, "तो विचारेल तेव्हा म्हणायचं, अण्णांची आठवण येतेय का तुम्हाला? आणि त्याला अण्णांबद्दल बोलू द्यायचं." तो बोलायचा. अण्णांनी गिरणी कशी घातली, पहिली मोटर कुठून आणली. बोलता बोलता शांत व्हायचा. धाकट्यालाही तेच सांगायला लावलं. घरातल्या सगळ्यांचं उत्तर एक असणं, हे उत्तर काय आहे याच्याइतकंच महत्त्वाचं आहे.

त्या चाचणीत सलग तीन दिवस पूर्ण गुण मिळाले, म्हणजे आज सांगितलेलं उद्या राहील अशी खात्री झाली, तेव्हा त्याला सांगितलं. सकाळी तो ताजातवाना असताना, खोलीत फक्त वहिनी, धाकटा भाऊ आणि मी. साध्या शब्दांत, एकदाच. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अग्नी कुणी दिला?" धाकटा म्हणाला, "तूच की दादा." वडील गेले याहून हे त्याला जास्त लागलं. आपण केलं आणि आपल्यालाच माहीत नाही. त्या दिवशी थेरपिस्टने त्याच्यासाठी वही सुरू केली. पहिल्या पानावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं की अण्णा फेब्रुवारीत गेले, मी अग्नी दिला. ते त्याच्याच अक्षरात असावं असं मला वाटत होतं. दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टीवर शंका घेता येते, स्वतःच्या अक्षरावर घेणं अवघड असतं. त्यानंतरही काही वेळा त्याने विचारलं, मग वही उघडली, वाचलं, मिटली. रडला नाही असं नाही, पण पहिल्यांदा ऐकल्यासारखा रडला नाही.

हळूहळू ते गेलेलं वर्ष मागच्या टोकाकडून भरत आलं. तसंच होतं बहुधा, जुनं आधी येतं आणि अपघाताच्या जवळचं शेवटी, किंवा येतच नाही. पूर ओसरताना पाण्यातून उंचवटे दिसावेत तसे तुकडे आले : दवाखान्यातली अण्णांची खाट, तेराव्याचा मांडव, वस्तरा डोक्यावरून फिरतानाचा गार स्पर्श. यातलं किती खरोखर आठवलेलं आणि किती आमच्याकडून ऐकून बसलेलं, हे त्यालाही वेगळं करता येत नाही. ते वेगळं करण्याचा मी कधी प्रयत्न केला नाही. फेब्रुवारीत वर्षश्राद्ध त्यानेच केलं.

घरी आल्यावरचं काम रुग्णालयातल्यापेक्षा लांब आणि कंटाळवाणं असतं, आणि लोक इथेच सोडून देतात. डिस्चार्ज कार्डावर टाके, गोळ्या आणि पुढची तारीख असते. आठवणीबद्दल बहुधा एक ओळही नसते. म्हणून सुट्टी मिळण्याआधीच विचारून घ्या की आठवण आणि रोजची कामं यांची तपासणी कोण करणार, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा न्यूरोसायकॉलॉजिस्ट जवळ कुठे आहेत. नसतील, तर निदान एकदा भेटून घरी करायचा दिनक्रम लिहून घ्या. बाकीचं रोजचं काम घरचेच करतात, आणि चांगलं करतात.

दादाच्या वहीची जागा ठरलेली होती : सदऱ्याचा खिसा, आणि रात्री उशीजवळ. खूप वह्या नकोत, चिठ्ठ्या तर नकोतच, एकच वही. सुरुवातीला वही आहे हेच तो विसरायचा. म्हणून मोबाइलवर दर दोन तासांनी गजर लावला आणि गजर वाजला की वही उघडायची, एवढी एकच सवय आधी लावली. बार्बरा विल्सन यांनीच पुढे स्मृतिदोष असलेल्या १४३ जणांना कमरेला लावायचा पेजर देऊन पाहिला, ठरल्या वेळी तो वाजून काय करायचं ते दाखवायचा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बहुतेकांना त्याचा स्पष्ट फायदा झाला. आज ते काम पाच-सहा हजारांचा फोन करतो. वही वापरली तर मेंदू आळशी होईल, ही भीती मनातून काढा. पाय मोडलेल्याला कुबडी दिली म्हणून तो चालायचं विसरत नाही.

ज्या गोष्टी वहीत बघायला वेळ नसतो, त्या आम्ही अंतर वाढवत पक्क्या केल्या. उदाहरणार्थ, 'पैसे घेतले की लगेच वहीत खूण.' सांगायचं आणि लगेच म्हणून घ्यायचं, मग अर्ध्या मिनिटाने, एका मिनिटाने, दोन मिनिटांनी, चार मिनिटांनी. चुकलं तर लगेच बरोबर सांगून मागच्या अंतरावर यायचं. कंटाळवाणं आहे, पण विस्मरण असलेल्यांनाही याने नवीन गोष्टी शिकता येतात.

औषधांबद्दल विचारतातच, म्हणून सांगते. आठवण परत आणणारी गोळी नाही. सिटिकोलिन हे औषध आपल्याकडे डोक्याच्या मारानंतर सर्रास लिहिलं जातं. अमेरिकेत १,२१३ रुग्णांवर ९० दिवस ते देऊन पाहिलं आणि २०१२ मध्ये निष्कर्ष आला की नुसत्या दिसण्यापुरत्या गोळीपेक्षा त्याचा जास्त फायदा नाही. बदाम खा, आवडत असतील तर. ब्राह्मीच्या महागड्या बाटलीचे पैसे थेरपिस्टच्या गाडीभाड्याला ठेवा. फिट्सच्या आणि इतर चालू गोळ्या मात्र मनाने बंद करू नका. काही गोळ्यांनी सुस्ती येऊन आठवण आणखी मंदावते, तसं वाटलं तर डॉक्टरांना विचारून बदलून घ्या. दारू पूर्ण बंद. आणि सुधारत चाललेला माणूस पुन्हा मागे जाऊ लागला, म्हणजे डोकेदुखी वाढली, उलट्या, झोपाळूपणा, फिट, चालताना तोल जाणं असं काही दिसलं, तर 'मार लागलाय, व्हायचंच' म्हणून घरी बसू नका. डोक्यात हळूहळू रक्त साचत असू शकतं. त्याच दिवशी दवाखान्यात जा.

सातव्या आठवड्यात दादाला पहिल्यांदा गिरणीवर नेलं. मोटर पुतण्याने चालू केली. फिट येण्याचा धोका असतो म्हणून पट्टा, मोटर, विहीर आणि गाडी यांच्यापासून त्याला डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत लांब ठेवलं होतं. पीठ पडायला लागलं. दादाने खाली हात धरला, अंगठा आणि बोटात चिमूट चोळली आणि म्हणाला, "जाडं पडतंय. दगडाला टाकी लावली नाही किती दिवस?" पुतण्याने खाली मान घातली. खरंच लावली नव्हती. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या पदर तोंडाला लावून आत गेल्या.

हात सगळं जाणत होते. डबे मात्र ओळखत नव्हते. पूर्वी चाळीस डबे ओळीने ठेवलेले असायचे आणि कुणाचा कुठला, कुणाला बारीक, कुणाला भाकरीचं, सगळं डोक्यात. आता गव्हाचा डबा ज्वारीवाल्याकडे जाऊ लागला. एकादशीच्या आदल्या दिवशी एकीचा राजगिरा गव्हावर दळला गेला आणि तिने दारात उभं राहून जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. त्या रात्री दादाने ताट भिरकावलं. वहिनी 'गोडगोड नको' म्हणाल्या ते यासाठी. डोक्याच्या मारानंतर रागाचा लगाम सैल होतो, आणि आपल्याला जमत नाही हे कळण्याइतकी सुधारणा झाली की तो राग आणखी वाढतो. वहिनी तीन दिवस माहेरी जाऊन राहिल्या. मी त्यांना परत जा म्हटलं नाही. दादाशी राग आला की काय करायचं हे बोलले : उठून गिरणीमागच्या चिंचेखाली जायचं, बोलायचं नंतर. तेही वहीत लिहिलं.

डब्यांवर आता चिठ्ठी असते : नाव, धान्य, बारीक की जाड. उपवासाच्या डब्यांना लाल चिठ्ठी, आणि ते सकाळी दगड धुऊन पुसून पहिले. चिठ्ठी नसलेला डबा आत घ्यायचाच नाही, मग तो सरपंचांचा असला तरी. हा नियम गावाने मानायला दोन-तीन महिने घेतले.

आज दोन वर्षं झाली. दादा मोटर स्वतः चालू करतो. नवीन माणसाचं नाव त्याला एका भेटीत लक्षात राहत नाही, दुपारी तासभर झोपल्याशिवाय चालत नाही, आणि लग्नाच्या गर्दीत तो अर्ध्या तासात घरी जाऊ म्हणतो. अपघाताचा दिवस आणि त्याच्या आधीचे काही आठवडे परत आले नाहीत, ते येतील असं मला वाटत नाही. वही पाचवी चालू आहे. पूर्वी गिरणीची उधारी तोंडी असायची, आता प्रत्येक दळणापुढे तारीख आणि रक्कम असते. वहिनी सांगत होत्या, त्यावरून गावातली दोन-तीन माणसं दळण शेजारच्या गावाला नेऊ लागली आहेत.